पाठची बहीण

माझ्या नवऱ्याच्या यकृतात पहिल्यांदा गाठ सापडली तेव्हा डॉक्टरांनी ती कापून काढली, आणि आम्हाला वाटलं, सुटलो. बून-हाय थोड्याच दिवसांत पुन्हा तराफ्यावर उभा राहिला. बुदायच्या खाडीत आमच्या कालवांच्या बांबूच्या चौकटी आहेत, त्याच्या आजोबांपासूनच्या. पोटावरची ती लांब शिवण तो सदरा वर करून येईल त्याला दाखवायचा. "बघा, मलाही कालवासारखं फोडलं," म्हणायचा, "आत मोती काही सापडला नाही." बायका हसायच्या. मीही हसायचे.

दोन वर्षांनी तपासणीत पुन्हा दोन ठिपके दिसले.

आमच्या डॉक्टर बाई, कान त्यांचं आडनाव, आडपडदा ठेवणाऱ्यातल्या नव्हत्या. त्या म्हणाल्या, "आता पुन्हा कापता येणार नाही. उरलेलं यकृत दगडासारखं झालंय, त्यातला तुकडा काढला तर बाकीचं काम करणार नाही. पण गाठी लहान आहेत आणि बाहेर पसरलेल्या दिसत नाहीत. अशा वेळी सबंध यकृतच काढून दुसऱ्याचं बसवता येतं."

"दुसऱ्याचं म्हणजे मेलेल्याचं?" बून-हायने विचारलं.

"मेलेल्याचं मिळालं तर चांगलंच. पण तिथे रांग आहे, आणि गाठ काही रांगेत थांबत नाही. घरातल्या कुणी आपलं अर्धं दिलं तरी चालतं. यकृत वाढतं पुन्हा, देणाऱ्याचंही आणि घेणाऱ्याचंही."

घरातलं असं होतं कोण? माझा रक्तगट जुळला नाही. आमची एकुलती एक मुलगी यी-रू धावत आली, बाही वर करून बसली, तर कान बाईंनी तिच्या पोटाकडे बघितलं आणि बाही खाली करायला लावली. तिला पाचवा महिना होता. थोरला दीर थोक केव्हाच गेला होता, तोही ह्याच दुखण्यानं. बाई सांगत होत्या, "बी काविळीचा विषाणू रक्तात राहतो. पुष्कळांना तो जन्मतानाच आईकडून येतो. तेव्हा लस नव्हती ना. आईला कधी काही होत नाही, आणि मुलगा पन्नाशीत असा समोर येतो." किनाऱ्यावरच्या किती घरांना त्यांनी हे सांगितलं असेल, त्यामुळे त्या सहज बोलून गेल्या. मागच्या बाकावर सासूबाई बसल्या होत्या, हे त्यांच्या लक्षात आलं नाही.

सासूबाईंचं रक्त तपासलं, विषाणू आहे का बघायला. होता. आयुष्यात एक दिवस अंथरुणाला न खिळलेली बाई ती. शहात्तराव्या वर्षीही माझ्यापेक्षा भराभर कालवं फोडायची. परतीच्या बसमध्ये त्या सगळा वेळ स्वतःच्या हातांकडे बघत होत्या. घरी आल्यावर चूल न पेटवता तशाच बसल्या.

"थोकला मीच मारलं," त्या म्हणाल्या. "आता हा."

"आई, तुम्हाला काय ठाऊक होतं?"

"एक पोर सुटली असेल," त्या म्हणाल्या. "तिला मी ठेवलीच नव्हती."

त्या पोरीबद्दल मी लग्न होऊन आले तेव्हापासून ऐकलं होतं, पण कुजबुजीतच. दोन मुलग्यांच्या पाठीवर मुलगी झाली. त्याच साली वादळानं सगळ्या चौकटी वाहून नेल्या आणि सासरे खोकून खोकून रक्त टाकू लागले. पोरीचं नाव ठेवलं बोंग-ची. म्हणजे 'आलीय तर असू दे, पोसू'. पण पोसलं नाही. ती उभं राहायला शिकायच्या आत तिला मेइशानच्या डोंगराखालच्या एका शेवयावाल्याच्या घरी देऊन टाकलं. त्यांना मूल नव्हतं. नंतर इकडून कुणी गेलं नाही, तिकडून कुणी आलं नाही.

रात्री सासूबाईंनी तिच्याकडे जायचं काढलं, आणि बून-हाय ताटावरून उठला. "तिला घरातून काढलं आपण. आता तिच्या पोटातलं काढून मागायचं? तोंड आहे का आपल्याला? कुणी जायचं नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाई ठेवणीतला सदरा घालून, कालवांची टोपली घेऊन दारात उभ्या होत्या. मी काही न बोलता चपला घातल्या.

त्या घराच्या अंगणात बांबूंवर शेवया वाळत होत्या, जमिनीपर्यंत लोंबणाऱ्या. त्यांच्यामधून कोपरापर्यंत पीठ माखलेली एक बाई बाहेर आली. तेच सपाट कपाळ, तेच बाहेर आलेले कान. बून-हायला कुणी बाईचे कपडे घातले असते तर असाच दिसला असता. सासूबाई फाटकाशीच थबकल्या आणि झाडाखालच्या दगडावर बसल्या.

"शेवया हव्यात का?" ती म्हणाली. "आजच्या ओल्या आहेत. उद्या या."

मी सांगितलं आम्ही कोण ते. तिनं फडक्याला हात पुसले. पुसतच राहिली.

"ती बाहेर बसलीय ती?"

"हो."

"अजून आहे होय," ती म्हणाली. रागानं नाही, एखादी ऐकीव गोष्ट खरी निघाल्यासारखं. मग स्वतःच फाटकाशी गेली. "मावशी, आत या. मागायचंच आहे तर सावलीत बसून मागा."

"मागायला आलोय हे कशावरून?" मी म्हटलं.

"इतकी वर्षं कुणी फिरकलं नाही, आणि आज टोपली घेऊन दोघी दोघी. लग्नाचं आमंत्रण तर नसेल."

मी सगळं सांगितलं. ती ऐकत राहिली आणि शेवटी हसली. "काळीज मागायला आलात होय! मला वाटलं पैसे मागाल." तिनं आम्हाला चहा दिला, शेंगदाणे दिले, आणि नाही म्हणाली. "माझं नाव बी-हून. ते मला माझ्या आईनं दिलं. आईबाप चांगले होते माझे, दोघांनाही ह्याच हातांनी माती दिली. मला भाऊबिऊ नाही. वहिनी, तुम्ही वाईट वाटून घेऊ नका."

सासूबाई उठल्या. निघताना त्यांनी टोपली पायरीवर ठेवली आणि तिच्याकडे न बघता म्हणाल्या, "ते देऊ नकोस. पण बाई, तुझं रक्त तेवढं तपासून घे. आमच्या घरात आहे ते. तुलाही मी दिलं असेल."

आठ-दहा दिवसांनी बी-हून सकाळच्या बसनं आली. सरळ खाडीवरच्या आमच्या शेडमध्ये. बून-हाय दोर वळत बसला होता. त्यानं वर बघितलं आणि त्याच्या हातातला दोर सुटला.

"तुझे कान," तो म्हणाला. "तसेच आहेत."

"तुझेही काही झाकण्यासारखे नाहीत," ती म्हणाली. "हे बघ, मी द्यायला आले नाहीये. रक्त तपासलं, मला काही नाही, एवढं त्या मावशींना सांगायला आले."

सासूबाई कोपऱ्यात कालवं फोडत होत्या. त्यांनी ते ऐकलं. सुरी खाली ठेवली, पदरासारखं डोक्याचं फडकं तोंडावर ओढलं, आणि फडक्याआडून त्यांचा आवाज आला तो कसला होता ते मला सांगता येणार नाही. बी-हून तिकडे गेली नाही. ती बून-हायसमोरच्या पाटावर बसली, एक कालव उचललं, फोडायला गेली आणि बोट कापून घेतलं.

"सोड ते. शेवयावालीचं काम नव्हे," बून-हाय म्हणाला.

"मला नेलं तेव्हा तू होतास का?" तिनं बोट चोखत विचारलं.

त्यानं सुटलेला दोर उचलून गुडघ्यांवर घेतला. मग म्हणाला, "माझ्या पाठीवरच होतीस. आई कामाला गेली की मीच तुला पाठीवर बांधून फिरायचो. चार वर्षांचा असेन. तू माझा कान धरून ठेवायचीस. ती माणसं आली तेव्हा तू कान सोडेनास. मग त्यांनी मला एक गोळी दिली, गुळाची. मी ती घ्यायला हात पुढे केला आणि वाकलो, तेवढ्यात तुला सोडवलं."

"खाल्लीस?"

"खाल्ली."

"गोड होती?"

"फार," तो म्हणाला, आणि रडायला लागला. एवढा दांडगा माणूस, दोर गुडघ्यांवर तसाच, आणि ढसाढसा रडतोय. ती त्याच्याकडे बघत बसली. मग कापलेलं बोट पुढे करून म्हणाली, "आता रडून काय होणार? चिंधी दे काहीतरी बांधायला. दवाखान्यात केव्हा जायचं ते सांग."

त्या दिवसापासून ती त्याला दादा म्हणायला लागली. सासूबाईंना मात्र मावशीच.

तपासण्या सुरू झाल्या. तिचा रक्तगट जुळला, यकृत मोठं आणि निकोप निघालं. जुन्या नोंदींवरून सख्खं नातं सिद्ध झालं. मग हॉस्पिटलच्या समितीनं तिला बोलावलं. कुणी दबाव तर आणला नाही ना, हे त्यांना बघायचं असतं. मी बाहेर बसले होते, दार अर्धवट उघडं.

"दात्याला तुम्ही किती वर्षं ओळखता?" आतल्या बाईंनी विचारलं, आणि चूक सुधारली. "म्हणजे, ज्यांना देणार त्यांना."

"ओळखतच नव्हते. गेल्या महिन्यात भेटला."

"मग का देताय?"

"भेटला म्हणूनच," बी-हून म्हणाली. "आणखी थोडे दिवस राहू दे की."

त्या आठवड्यांत आमचं घर कसं होतं म्हणून सांगू! बी-हून विधवा, तिचा मुलगा दूर तायपेईला, त्यामुळे ती येऊन आमच्याकडेच राहायला लागली. डॉक्टरांनी बून-हायला चालायला सांगितलं होतं. ती त्याला बांधावरून दामटायची. "चल रे दादा, माझा माल चांगला आहे, त्याला असलं मोडकं घर चालणार नाही." तो म्हणायचा, "बरा झालो की एकच पेला घेईन." "घेऊन तर बघ. आहे तसं परत काढून नेईन." तीन वेळच्या जेवणाला दोघं भांडायचे, माशाचं डोकं कुणाचं म्हणून, पन्नाशीची माणसं. सासूबाई वाटीतला भात न खाता त्यांच्याकडे बघत बसायच्या.

एकदा मीच बी-हूनला म्हटलं, "एकदा तरी आई म्हण गं त्यांना." ती म्हणाली, "वहिनी, तोंडातून निघत नाही. निघालं तर म्हणेन." मी पुन्हा विषय काढला नाही.

शस्त्रक्रियेच्या सकाळी दोघांच्या ढकलगाड्या दाराशी शेजारी शेजारी उभ्या होत्या. वरून पांढरी चादर, केसांवर हिरव्या टोप्या, आणि टोपीतून बाहेर आलेले चार कान.

"बोंग-ची," बून-हायने हाक मारली.

"ते नाव घेतलंस तर उठून घरी जाईन."

"बी-हून. भीती वाटते?"

"नाही. तुला?"

"मला वाटते."

तिनं गाडीच्या कठड्यावरून हात बाहेर काढला, त्यानं तो धरला. दोघी नर्स जरा थांबल्या. मग गाड्या आत गेल्या.

रात्रीपर्यंत चालेल, असं आम्हाला सांगितलं होतं. म्हणून मी यी-रूला काही खाऊन ये म्हटलं. ती गरम गरम वाफवलेले पाव घेऊन आली. त्यातला पहिला मी तोडला, आणि समोर कान बाई उभ्या. तोंडावरची पट्टी काढलेली. इतक्या लवकर त्या बाहेर यायला नको होत्या. मी घास तसाच हातात धरून उभी राहिले.

"आधी त्यांचंच पोट उघडून बघतो आम्ही," त्या म्हणाल्या. "पोटाच्या आतल्या पडद्यावर बारीक दाणे आहेत. रव्यासारखे. यंत्रात दिसले नसते एवढे. लगेच तपासून घेतले. तेच आहे. बाहेर पसरलंय."

"मग ते काढा, आणि बसवा," मी म्हटलं.

"बसवलं तर नव्यातही जाईल. आणि लवकर जाईल, कारण नवं यकृत टिकवायला शरीराची झुंजायची ताकदच कमी करावी लागते. मी त्यांच्या बहिणीचं अर्धं यकृत असं घेऊ शकत नाही. टाके घातले. तिला नुसती भूल दिली होती, चिरलेलं नाही."

सासूबाईंना ऐकू कमी यायचं. त्या यी-रूची बाही ओढून विचारत होत्या, "झालं का? बसलं का?"

बी-हून शुद्धीवर आली तेव्हा मी तिच्याजवळ होते. डोळे उघडायच्या आधी तिचा हात चादरीखाली गेला. पोटावरून फिरला, वर, खाली, पुन्हा वर. मग डोळे उघडले.

"वहिनी, पट्टी कुठाय?"

मी तिला सांगितलं. 

"मग उघडा मला," ती म्हणाली. "उघडा आणि घ्या. मी सही केलीय. वहिनी, त्या बाईंना बोलवा. मी तयार होते ना, मग माझं का नाही घेतलं?" ती उठून बसायला लागली, नळ्या ओढायला लागली, नर्सबाई धावत आल्या. "इतक्या लांबून आले मी," ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. "इतक्या लांबून आले."

बून-हायला कान बाईंनी स्वतः सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं. मला विचारलं, "तिला कापलं नाही ना?" मी म्हटलं, नाही. "बरं झालं," तो म्हणाला, आणि भिंतीकडे तोंड करून झोपला. त्याचे खांदे हलत होते. मी त्यांना हात लावला नाही.

त्याला आम्ही घरी आणलं. तो हिवाळा त्यानं काढला. यी-रूला मुलगा झाला; बाळाला घरी आणल्याबरोबर त्यानं आधी तोंड बघितलं नाही. "टोचलं ना त्याला? बी काविळीचं टोचलं?" जो येईल त्याला विचारायचा. पहिल्याच दिवशी टोचलंय, ह्या माणसाला कितीदा सांगायचं, असं मी ओरडले तेव्हा कुठे त्यानं बाळाला मांडीवर घेतलं. पुढे त्याच्या पोटात पाणी भरायला लागलं, अंग पिवळं पडलं. बी-हून शेवया अगदी मऊ शिजवून त्याला भरवायची. तो दोन घास घेऊन तोंड मिटायचा, आणि ती वाटी घेऊन तिथेच बसून राहायची. आता ती दोघं भांडत नव्हती. शेवटच्या दिवसांत त्याला माणसं ओळखू येईनात. तिचा हात सापडला की तो आपल्या कानाशी नेऊन ठेवायचा.

वसंताच्या तोंडावर, घराच्या मधल्या खोलीत, देवांसमोर अंथरलेल्या फळीवर तो गेला.

आमच्याकडे आईच्या आधी मुलगा गेला तर आईनं काठीनं शवपेटीवर मारायचं असतं. आईबापाची सेवा न करता निघून गेलास, ही शिक्षा इथेच भोग, पुढे कुणी तुला विचारू नये, म्हणून. थोकच्या वेळी सासूबाईंनी ते केलं होतं. या वेळी पुरोहितानं त्यांच्या हातात काठी दिली आणि त्या नुसत्या उभ्या राहिल्या. "ह्याला का मारू?" त्या म्हणाल्या. "मला मारा ना कुणीतरी. त्याला दिलं कुणी ते?" माणसं खाली बघायला लागली.

बी-हून पुढे आली. शोकाचे कपडे कुठले घालायचे यावरून तिचं सकाळी पुरोहिताशी वाजलं होतं. दुसऱ्या घरी दिलेल्या मुलीला भावाचं सुतक नाही म्हणे. तिनं माझ्याकडचं जाडंभरडं कापड घेऊन आपल्या हातानं बाहीवर टाचलं होतं. तिनं सासूबाईंच्या मुठीवर मूठ ठेवली.

"मावशी, मारा," ती म्हणाली. "हळू मारा. त्याला पुढे त्रास नको." दोघींनी मिळून काठी उचलली. लागलंच नाही काही. लाकडावर काठी टेकली नुसती. मग सासूबाई तिच्या अंगावर कोसळल्या आणि तिनं त्यांना धरून ठेवलं, तोंड दुसरीकडे वळवून.

सगळे विधी उरकल्यावर ती निघाली. सासूबाई दारात आल्या. "जेवून जा."

"बस चुकेल," ती म्हणाली.

नंतर ती आली नाही. सासूबाई रोज सकाळच्या बसच्या वेळी शेडच्या बाहेर येऊन उभ्या राहायच्या. विचारलं तर म्हणायच्या, हवा बघतेय. शेवटी मीच मेइशानला गेले. ती अंगणात शेवया ताणत होती. दोन दांड्यांवर पीठ लांबवत न्यायचं काम, एकटीनं होत नाही. मी दुसरी दांडी धरली. आम्ही ताणत राहिलो.

"म्हातारी कशी आहे?" तिनं विचारलं.

"वाट बघते."

"मी येणार होते. बसपर्यंत गेले दोनदा," ती म्हणाली. मग दांडी तशीच धरून बोलायला लागली. "वहिनी, तुम्हाला सांगते, त्याच्यासाठी करते असं मी सगळ्यांना म्हणत होते. पण झोपताना मी वेगळंच धरून बसायचे. मला वाटायचं, माझा अर्धा तुकडा त्याच्या पोटात जाईल आणि त्या घरात राहील. तिथे जेवेल, तिथे झोपेल. त्या खाडीवर रोज जाईल. मग मला कुणी दिलं, काढलं, काही असो. मी तिथे असेन. मी इथे शेवया करत असताना मी तिथेही असेन." तिचा आवाज चिरकला. "त्यांनी ते घेतलंच नाही. मी आहे तशी सगळीच्या सगळी परत आले."

माझ्या हातातली दांडी खाली गेली आणि ताणलेल्या शेवया मधून तुटल्या. ती ओरडली नाही. खाली बसून दोघी मातीतून तुकडे वेचायला लागलो. धूळ लागलेले एका बाजूला, चांगले एका बाजूला. वेचता वेचता मी तिला म्हटलं, आज माझ्याबरोबर चल. तिनं मान हलवली, नाही म्हणून. मग थोड्या वेळानं म्हणाली, आज नाही. आज पीठ भिजवून ठेवलंय.